गूळ झाला, पाणी राहिलं

सोमवार, १० मे १९९९. सकाळी सव्वासात. वरची वाडी, तालुका पोलादपूर.

हजर: मी. इरफान. सुंदराबाई. त्यांची सून वनिता. वाडीतल्या आणखी अकरा बायका. मुंबईहून सुट्टीला आलेले चाकरमानी सात. तालुक्याच्या कचेरीतले साहेब एक, कारकून एक. वस्तू: खुणा केलेली बांबूची काठी, नमुन्याच्या चार बाटल्या, शंभर पानी वही, पितळेचं ताट, ताटात गूळ.

पाणी: नाही.

ही नोंद माझ्या जुन्या डायरीतली. नोंदी ठेवायची सवय मला शाळेपासूनची. सहलीला निघताना पिशव्या मोजणारी मीच, लग्नघरात रुखवताची यादी माझ्याच हाती. घरचे म्हणतात, ही स्वर्गात गेली तर आधी हजेरी घेईल. खरं आहे. पण या एका पानाशी आले की माझी मोजणी अडखळते.

यंदा ते पान पुन्हा उघडलं, त्याला कारण आहे. महाडला नव्या संशोधकांचं शिबिर आहे आणि उद्या मला तिथे बोलायचंय. नव्यानं संशोधनाला लागलेल्यांनी इतरांना बरोबर घेऊन समाजाच्या उपयोगी कसं पडावं, असा विषय. आयोजकांनी पाच मुद्दे आधी मागितले होते. पाच मुद्दे म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ. कागद घेतला, एक ते पाच आकडे घातले, आणि आठ दिवस तो कागद तसाच घेऊन फिरले. आज बिरवाडीत माझ्या जुन्या घरमालकिणीकडे उतरले आहे. येताना पोलादपूरच्या स्टँडवर पानाच्या द्रोणातली करवंदं घेतली. बोटं जांभळी झाली, चीक ओठाला चिकटला, आणि मग मुद्दे सुचणं शक्यच नव्हतं.

करवंदांच्या दिवसांत त्या भागाला एक वेगळाच वास असतो. डोंगरउतारावर भाताच्या रोपांसाठी राब भाजलेले असतात. जळलेल्या पाल्याचा, शेणाचा, तापलेल्या मातीचा तो वास कपड्यांत बसतो, धुतला तरी जात नाही. काजूची बोंडं सडून गोडूस आंबूस झालेली असतात. कातळ सकाळी नऊलाच चटका देतो. आणि या सगळ्यात, वर्षातलं सगळ्यात कमी पाणी असताना, वाडीतली माणसं दुप्पट होतात. मुंबईचे चाकरमानी पोराबाळांसह उतरतात. कुणी पंखा आणतं, कुणी नायलॉनच्या साड्या. पाणी कुणी आणत नाही.

मी तेव्हा सत्तावीस वर्षांची. पुण्याहून भूगोलात पीएच.डी. करत होते, विषय होता डोंगरवाड्यांचे झरे. बिरवाडीत खोली घेतली होती, कारण तिथे कारखान्यातल्या कामगारांसाठी खोल्या मिळायच्या आणि घरमालकिणीनं फार चौकशा केल्या नाहीत. इरफान महाडचा. वडिलांचे दोन ट्रक, मोठा भाऊ आखातात, आणि हा घरातला पहिला एम.एस्सी. महाडच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायला लागून त्याला वर्ष झालं होतं. त्याची अम्मी मला म्हणायची, "तूच सांग याला. भाऊ तिकडं बोलावतोय आणि हा बाटलीत पाणी भरून उजेडात धरून बघतो. यासाठी शिकवला काय?"

आमची ओळख झेरॉक्सच्या दुकानातली. मला पाणी तपासून हवं होतं, पण प्रयोगशाळा नव्हती. त्याच्याकडे प्रयोगशाळा होती, पण कॉलेजच्या नळाखेरीज तपासायला पाणी नव्हतं. रांगेत उभ्या उभ्या ठरलं. आज अशा गोष्टीला मोठी मोठी नावं देतात. आम्ही फक्त वार ठरवला: सोमवार. त्या दिवशी त्याचे तास दुपारी असत.

फेब्रुवारीपासून दर सोमवारी पहाटे आम्ही निघायचो. त्याची स्कूटर घाटाच्या रस्त्याला एका चहाच्या टपरीपाशी लावायची आणि तिथून तासभर चढायचं. वाडी चौदा घरांची. झरा वाडीच्या वरच्या अंगाला, फणसाच्या सावलीत. त्याला धार नव्हती. दगडांनी बांधलेलं कंबरभर खोल कुंड, आणि पाणी त्याच्या तळातून पाझरून वर चढायचं. मी काठी सोडून पाण्याची उंची लिहायची, इरफान बाटल्या भरायचा. मग सुंदराबाईंच्या ओटीवर बसायचं. त्या आतून पितळेचं ताट आणायच्या, त्यात गुळाचे खडे आणि तांब्याभर गार पाणी.

सुंदराबाई तेव्हा साठीच्या. उंच, काटक, नऊवारी घट्ट. मला 'पोरी' म्हणायच्या आणि इरफानला 'मास्तर'.

"मास्तर, आमच्या पान्यात काय घावलं काय?"

"लोह आहे थोडं. वाईट नाही."

"लोखंड हाय? म्हनून माजी सून अशी कडक!"

वनिता आतून ओरडायची, "मी माहेरून आलेय कडक. तुमच्या पान्यानं उलट नरम पडले." वनिता पंचविशीची, सातवी शिकलेली, वाडीतली एकमेव बाई जी कागद दिसला की पूर्ण वाचायची. माझी वहीसुद्धा तिनं उलटीकडून वाचलेली होती.

त्या ओटीच्या आतल्या भिंतीवर, चुलीच्या बाजूला, कोळशाच्या रेघा होत्या. बारीक, उभ्या, ओळीनं. मी दर सोमवारी त्यांच्यासमोर बसून गूळ खायची. मला वाटायचं, पोरांनी ओढल्या असतील.

नऊ सोमवार झाले. माझ्या तक्त्यात पाणी हळूहळू उतरत होतं, पण छान होतं. एप्रिल लागला तरी कुंड मांडीइतकं भरलेलं. शेजारच्या वाड्यांचे झरे मार्चातच आटले होते, आणि हा एक झरा टिकून होता. मी खडकाच्या थरांवरून याचं कारण मांडलं. कारणसुद्धा सुंदर होतं, दोन पानं भरली. इरफान एकदाच म्हणाला, "शुभा, हे पाणी फारच निवळ आहे गं. एप्रिलचं वाटत नाही. कुणी भरतच नाही जसं काही." मी म्हटलं, तुझ्या बाटल्या स्वच्छ आहेत म्हणून.

आणि मग मी एक उपयोगाचं काम केलं.

तालुक्याच्या कचेरीत टँकर कुठल्या वाड्यांना द्यायचा याची यादी चालली होती. मी माझा तक्ता सुबक अक्षरात उतरवला आणि स्वतः नेऊन दिला. आपलं संशोधन कपाटात पडू नये, लोकांच्या कामी यावं, हा हेतू. कारकुनानं चष्मा वर केला आणि म्हणाला, "असं लेखी कोणी आणून देत नाही हो, मॅडम." मी बाहेर येऊन रसवंतीत दोन ग्लास रस प्यायले. इतकी खूश मी पीएच.डी. मिळाली तेव्हाही नव्हते.

दहावा सोमवार चुकला. इरफानच्या बहिणीचं लग्न होतं. मीही गेले होते. त्याच्या अम्मीनं मला बिर्याणीच्या देगापाशी उभं करून पानं मोजायला लावली, कारण तोवर माझी कीर्ती तिथेही पोचली होती. तर मापन बुधवारी करायचं ठरवलं. वाडीला कळवायला काही साधन नव्हतं, आणि कळवायचं असतं हे आम्हाला सुचलंही नाही.

बुधवारी चढून गेलो तर फणसाखाली हंड्या-कळश्यांची रांग. कुंडापासून थेट वाटेपर्यंत. बायका सावलीला बसलेल्या. मी कुंडात डोकावले. खाली वनिता उकिडवी बसली होती, नारळाच्या करवंटीनं तळाच्या खळग्यातलं पाणी खरवडून कळशीत घालत होती. करवंटी अर्धी भरायची, मग ती थांबायची, पाणी पाझरायची वाट बघायची, मग पुन्हा अर्धी.

तिनं वर पाहिलं. आधी इरफानकडे, मग माझ्याकडे. आणि रागानं म्हणाली,

"आज बुधवार हाय!"

जसं काही चूक आमची होती. आणि ती होतीच.

सुंदराबाई रांगेतून उठून आल्या. मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं. "न सांगता कोन येतं गो कुनाच्या दारात? तुमचा वार सोमवार ना?"

"मावशी, पण पाणी..." मी म्हटलं.

"हाय पानी. सोमवारी असतंय. सोमवारी यायचं."

इरफान एका दगडावर बसला. हळूच म्हणाला, "वनिताताई, सोमवारी असतं, म्हणजे कसं असतं?"

वनितानं सासूकडे पाहिलं. सुंदराबाईंनी पदर ओढून तोंड फिरवलं. मग वनितानं सगळं सांगितलं, कुंडात उभ्या उभ्या, करवंटी हातात धरून. वाडीत रीत होती, पाव्हण्याला तळ दाखवू नये. भांड्याचा नाही, कणगीचा नाही, झऱ्याचा तर नाहीच. आम्ही दर सोमवारी पाणी बघायला येणार म्हटल्यावर वाडीनं आपापसांत ठरवून टाकलं होतं: शनिवार उजाडला की झऱ्याला हात लावायचा नाही. दोन दिवस पाणी साठू द्यायचं. आणि त्या दोन दिवसांचं पाणी खाली दरीतल्या डोहातून आणायचं. उतरायला तास, भरल्या हंड्यानं चढायला दीड.

"बघायला येनारी मानसं," वनिता म्हणाली, "त्यांनी काय रिकामं बघायचं?"

मी मनात हिशोब केला; सवयच तशी. नऊ आठवडे, चौदा घरं, प्रत्येकी दोन-दोन खेपा. पुढे गुणाकार केला नाही. आमचं संशोधन त्या बायका डोक्यावरून वाहून आणत होत्या, आणि वर आम्हाला गूळ देत होत्या.

आता हे त्यांना सांगणं भाग होतं की तो तक्ता मी कचेरीत दिला आहे. सांगितलं. मग वनिता कुंडातून वर आली.

"म्हंजी आमचं नाव टँकरच्या यादीत नाय?"

"नाही."

"तुम्ही लिवलंत, पानी हाय म्हनून?"

"हो."

त्यावर एक म्हातारी रांगेतून म्हणाली, "लोकांना सांगायला जातो पानी नाय, तर कोन ऐकत नाय. पानी हाय म्हनून लिवून दिलं, तर बघा कसं ऐकलं!" आणि बायका हसायला लागल्या. मला वाटलं होतं, शिव्या देतील. त्या हसण्यानं मला जास्त लागलं. सुंदराबाई मात्र हसत नव्हत्या. माणुसकी म्हणून जे केलं त्यानंच वाडीचं पाणी तोडलं, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं, आणि मे महिना अजून पुढे उभा होता.

आम्ही त्याच दुपारी कचेरीत गेलो. कारकून भला माणूस होता. "मॅडम, तुमच्याच आकड्यांवरून नाव गाळलं. आता तुमचाच आकडा खोटा म्हणता. उद्या हाही खोटा म्हणाल. काहीतरी लेखी द्या. चूक कबूल करा, खरी नोंद जोडा, मग साहेब जागेवर येऊन बघतील."

चूक कबूल करणं सोपं नव्हतं. पोलादपूरच्या फोनबूथवरून पुण्याला माझ्या मार्गदर्शक सरांना फोन लावला. सर म्हणाले, "नऊ आठवड्यांची नोंद रद्द केलीस तर तुझा उन्हाळा गेला, म्हणजे वर्ष गेलं. विचार कर." काचेबाहेर इरफान उभा होता. पत्र लिहिलं तेव्हा माझ्या सहीखाली त्यानंही सही केली. मी म्हटलं, तुझं नवीन काम आहे, कॉलेजात बोलतील. तर म्हणाला, "पाणी निवळ आहे हे मला दिसत होतं. मी एकदाच बोललो. दोनदा बोलायला हवं होतं." त्या दिवसापासून आमचा नियमच झाला. शंका आली की दोनदा बोलायचं.

पण खरी नोंद कुठून आणायची? आमच्याकडे एक बुधवार होता, बस.

ती नोंद वनिताच्या भिंतीवर होती. पोरांनी ओढल्यात म्हणून मी ज्यांच्याकडे बघितलंही नव्हतं त्या रेघा. पाळीवरून भांडणं होऊ नयेत म्हणून वाडीनं हे काम त्या घराकडे दिलं होतं. आधी सुंदराबाईंची सासू, मग सुंदराबाई, आता वनिता. एक रेघ म्हणजे एक हंडा. एक ओळ म्हणजे एक दिवस. शिमग्यापासून रोजच्या ओळी होत्या, वरून खाली आखूड आखूड होत गेलेल्या. आणि दर पाच ओळींनंतर दोन ओळींची जागा कोरी. शनिवार, रविवार. आमच्यासाठी सोडलेली.

मी याद्यांची माणूस. आयुष्यात इतकी नेटकी यादी मी पाहिली नव्हती, आणि नऊ आठवडे तिच्याकडे पाठ न करता, अगदी तोंडासमोर घेऊन, गूळ खात बसले होते.

वनिता वाचत गेली, मी वहीत उतरवत गेले, इरफाननं पडताळलं. मध्येच मी एका ओळीत चुकले तर वनिता म्हणाली, "ताई, अकरा. तुमी बारा लिवलेत. बारावा हंडा फुटला होता, तो धरत नाय." वहीच्या शेवटी तिनं सही केली. सही करण्याआधी हात पदराला तीनदा पुसला.

साहेबांनी सोमवार दिला. काय योग बघा, सोमवारच.

प्रश्न एकच उरला होता, आणि तो सुंदराबाईंचा होता. साहेब म्हणजे पाव्हणा. पाव्हण्याला तळ दाखवायचा. शुक्रवारी संध्याकाळी आम्ही चढून गेलो तेव्हा वाडीत तोच वाद चालला होता. चाकरमान्यांतला एकजण म्हणत होता, "काकी, आता इज्जत बघू नका, टँकर बघा." सुंदराबाई म्हणाल्या, "तू चार दिवस ऱ्हानार नि जानार. तळ तुजा नाय, माजा हाय." शंका आली की दोनदा बोलायचं हा नियम तिथे लागू नव्हता. तिथे गप्प बसायचं होतं.

सोमवारी सकाळी चढून पाहतो तर रोजच्यासारखी रांग लागलेली. कुणी शनिवार पाळला नव्हता.

साहेब घामाघूम होऊन आले. कुंडात वाकून बघितलं. करवंटीचा आवाज खालून येत होता, दगडावर घासल्याचा. मग ते ओटीवर बसले. सुंदराबाई आतून आल्या. हातात तेच पितळेचं ताट, घासून लख्ख केलेलं. त्यात गुळाचे खडे. तांब्या नव्हता.

त्यांनी ताट साहेबांसमोर ठेवलं आणि तिथेच उभ्या राहिल्या. पदर डोक्यावर, मान वर.

साहेबांनी खडा उचलला, तोंडापर्यंत नेला, आणि सवयीनं पाण्यासाठी नजर फिरवली. मग त्यांना समजलं. खडा हातात धरूनच त्यांनी कारकुनाला सांगितलं, "लिहा." कारकुनानं वही मागितली तेव्हा मी आमची शंभर पानी पुढे केली. साहेबांनी शेवटची सही वाचली आणि विचारलं, "वनिता कोण?" वनिता कुंडातून ओली, चिखलानं माखलेली वर आली. "मी," म्हणाली.

चौथ्या दिवशी टँकर रस्त्याला लागला. तिथून हंडे चढवायचे होते, पण दरीपेक्षा बरं. सुंदराबाईंनी पहिली ओंजळ तोंडात घेतली आणि म्हणाल्या, "चव नाय." मग उरलेलं पाणी प्यायल्या.

माझं वर्ष गेलं, सरांनी म्हटलं तसं. त्याबद्दल मला एक दिवसही वाईट वाटलेलं नाही. दुसऱ्या उन्हाळ्यात काठीऐवजी रेघांवरून नोंद केली; वनिता त्या वहीत उतरवून खाली टपरीपाशी आणून द्यायची. पुढे वाडीनं झऱ्याच्या डोक्यावर चर खणले, जागाही त्यांनीच ठरवली. लेख छापून आला त्यावर तीन नावं होती. तिसऱ्या नावापुढे पदवी नव्हती म्हणून विचारणा आली, तर इरफाननं पत्र पाठवलं: नोंदींचा अनुभव, तीन पिढ्या.

हे उद्याच्या पाच मुद्द्यांत कसं बसवायचं? कुणाबरोबर तरी काम करायचं म्हणजे त्याची यादी आपल्याआधीपासून चालू असते, ती आधी ओळखायची. आपण गेल्यानं त्यांच्या दिवसात काय बदललं, कोण दरीत उतरलं, ते विचारायचं. चुकलो तर ज्या टेबलावर चूक ठेवली त्याच टेबलावर जाऊन ती उचलायची. तीन झाले. उरलेल्या दोन आकड्यांपुढे मी काही लिहिणार नाही. तरुण मुलं आहेत, त्यांची ती भरतील.

तर, उरलेलं काम.

त्या दिवशी निघताना सुंदराबाईंनी मला आणि इरफानला ओटीवरच थांबवलं. ताटातला गूळ आमच्या हातावर ठेवला. "पोरी, हे अर्धं झालं. पानी ऱ्हायलं हाय तुमचं. भात कापून झालं की या. कार्तिकात झरा वरपर्यंत असतो. तवा पानी पिऊन जायचं. तंवर आलात तर मी दार उघडनार नाय."

पुढे इरफान शेवटी भावाकडे आखातात गेला. तिथे पाणी तपासतो, अम्मीच्या नशिबी तेच होतं. मी पहिल्या कार्तिकात पुण्यात अडकले, मग शिकवायला लागले. कॉलेजला मोकळीक मिळते ती मे महिन्यात, म्हणून मी या भागात येते ती दर वेळी मे महिन्यातच. करवंदं असतात, राबांचा वास असतो, झऱ्याचा तळ दिसत असतो. मग खालूनच चौकशी करून परत जाते. लेखाची प्रतही अजून माझ्याकडेच आहे. ती हातात द्यायची आहे, टपालानं नाही.

मघाशी वनिताचा फोन आला होता. आता वाडीत फोन लागतो, फणसाखाली उभं राहिलं तर. म्हणाली, "सासूबाय इचारतात, पावनी कवा येनार? ऐंशीच्या वर झाल्यात त्या. दिसत नाय नीट, पन ताट रोज घासून घेतात माज्याकडून."

मग इरफानला फोन केला. त्यानं नमस्कार-चमत्कार न करता विचारलं, "कुठे आहेस?"

"बिरवाडीला."

"परत मेमध्येच गेलीस ना?" आणि थोड्या वेळानं, नियमाप्रमाणे, दुसऱ्यांदा: "शुभा, परत मेमध्येच गेलीस."

डायरी समोर आहे. दर वर्षी नव्या डायरीत पहिल्या पानावर मी ही ओळ उतरवून घेते, आताही तीच आहे: कार्तिकात वरच्या वाडीवर जाणे, सोबत प्रत, आधी कळवून. पुढची चौकट कोरी.